मुमताजची साक्ष

रहस्यकथांच्या बाजारात एक साचा फार जुना आहे. एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांदेखत खून होतो. खून करणारे कुणा मोठ्या आसामीचे हस्तक असतात, आणि ही बाई कोर्टात उभी राहिली तर त्या आसामीची धडगत नसते. मग सरकार तिच्या रक्षणाला एक देखणा फौजदार नेमते. पहिल्या प्रकरणात दोघांचे मुळीच पटत नाही. मधल्या प्रकरणांत दोनदा गोळी सुटते आणि दोनदा हुकते. शेवटच्या प्रकरणात साक्ष होते, गुन्हेगार गजाआड जातो आणि फौजदारसाहेब बोहल्यावर चढतात. बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे सारे विनासायास ओळखता येईल. मला या साच्याचा तिटकारा नाही. रात्रीच्या प्रवासात त्याने माझीही सोबत केली आहे. पण इतिहास वाचायची खोड जडलेल्या माणसाला अशी पुस्तके मिटताना एक शंका येते. ज्या बाईवर सगळ्या कथेचा भार, तिला कोर्टाने नेमके काय विचारले? आणि तिला जे सांगायचे होते, ते कुणी ऐकले का?

अशी एक बाई आपल्या मुंबईत खरोखरीच होऊन गेली. तिचे नाव मुमताज बेगम. तिच्या खटल्याला मात्र तिचे नाव मिळाले नाही. तो बावला खून खटला म्हणून प्रसिद्ध झाला. आमच्या घरी आजोबांच्या पिढीची माणसे त्याविषयी बोलू लागली, की 'इंदूरचे प्रकरण' असा शब्द वापरीत आणि आम्हा मुलांना बाहेर पिटाळीत. त्यामुळे हा विषय काहीसा चावट असावा अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पुढे हकीकत वाचली तेव्हा त्यात चावट असे काही आढळले नाही. आढळली ती एक बावीस वर्षांची स्त्री, आणि तिच्या मागे लागलेले एक आख्खे संस्थान.

हकीकत थोडक्यात अशी. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मलबार हिलवरच्या रस्त्याने एक मोटार चालली होती. तीत अब्दुल कादर बावला हा सुमारे पंचवीस वर्षांचा धनाढ्य व्यापारी, त्याच्याबरोबर मुमताज आणि त्याचा मॅनेजर होता. मागून एक लाल मॅक्सवेल मोटार आली, तिने या गाडीला धक्का देऊन ती थांबवली आणि आतून माणसे उतरली. त्यांच्याजवळ पिस्तुले होती, सुरे होते. मागणी एकच : बाई आमच्या स्वाधीन करा. बावलाने नकार दिला. गोळ्या सुटल्या. मुमताजला ओढून काढण्याच्या धडपडीत तिच्या तोंडावर सुऱ्याचे वार झाले. त्याच क्षणी गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी, वाट चुकून, त्या रस्त्यावर येऊन पोचले. त्यांच्याजवळ शस्त्र असे काहीच नव्हते. लेफ्टनंट सेगर्ट याच्या हाती गोल्फची काठी होती, ती घेऊनच तो तुटून पडला आणि स्वतः गोळीने जखमी झाला. हल्लेखोरांपैकी दोघे जागच्या जागी पकडले गेले. बावला मात्र वाचला नाही.

अधिकारी वाट चुकले नसते तर काय झाले असते, याचा तर्क कठीण नाही. मुमताज इंदूरच्या वाटेवर असती आणि मुंबईच्या पोलिसांपुढे रस्त्यावर पडलेले एक प्रेत व न उलगडणारे कोडे तेवढे उरले असते. म्हणजे तिचे त्या रात्रीचे संरक्षण कोणत्याही फौजदाराने केले नाही. ते एका चुकलेल्या वळणाने केले.

आता प्रश्न उरतो तो असा, की भर मुंबईत मोटार अडवून न्यावी एवढे या बाईपाशी काय होते?

मुमताजची आई गाणाऱ्यांपैकी, मूळची अमृतसरची. मुमताज स्वतः इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या पदरी होती. तिथे तिची जवळजवळ दहा वर्षे गेली. खुनाच्या वेळी तिचे वय बाविसाच्या आसपास होते, तेव्हा बाकीची वजाबाकी वाचकांनी आपली आपण करावी. इंदूर हे मराठी माणसाला परके गाव नाही. मल्हाररावांनी मिळवलेले आणि अहल्याबाईंनी पुण्याईला चढवलेले ते राज्य. तिथल्या दरबारात मराठी बोलली जाई, आणि गाण्याबजावण्याला तिथे मान होता. म्हणूनच हे प्रकरण आपल्याकडे ऐकणाऱ्यांना जिव्हारी लागले. आपल्याच घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली, असे अनेकांना वाटले असावे.

मुमताजने कोर्टात जे सांगितले त्याचा मथितार्थ असा : तिला भेटायला माणसे येऊ शकत, नातलगही येत, पण प्रत्येक वेळी कुणीतरी पाळतीवर असे. तिला मूल झाले. ती मुलगी होती. ती मुलगी दायांनी मारली, असे तिचे म्हणणे होते, आणि त्यानंतर इंदुरास राहण्याची तिची इच्छा उरली नाही. मसुरीच्या प्रवासात तिने दिल्लीला पुढे जाण्याचे नाकारले आणि ती अमृतसरला निघून गेली. तिथेही पाळत होती. महाराजांनी डोळ्यांत पाणी आणून तिला परत येण्याची विनवणी केली, असे तिच्या सावत्र बापाने साक्षीत सांगितले. ती गेली नाही. पुढे ती मुंबईस आली आणि बावलाच्या आश्रयाने राहू लागली. मग बावलालाही धमक्या सुरू झाल्या. त्याने त्या मानल्या नाहीत.

या क्रमाकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मुमताजला संरक्षणाची गरज १२ जानेवारीच्या संध्याकाळी निर्माण झाली नाही. ती कितीतरी आधीपासून होती. पण तोपर्यंत जगाच्या लेखी ती राजाच्या घरून पळालेली बाई होती. अशा बाईला परत नेणे हा लोकांच्या मते गुन्हा कमी आणि मालकाचा हक्क अधिक. एका श्रीमंत पुरुषाचा खून झाला, आणि त्या घटकेपासून ती सरकारची साक्षीदार झाली. तिच्या जिवाला तेव्हा पहिल्यांदा सरकारदरबारी भाव आला.

हा भाव किती मोठा होता हे खटल्याची बांधणी पाहिल्यावर कळते. इंग्रज अधिकाऱ्यांची साक्ष फार मोलाची होती, यात संशय नाही. त्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, आणि त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दाला कोर्टात जे वजन असे ते एका गाणारणीच्या मुलीच्या शब्दाला कुठून असणार? पण त्या अधिकाऱ्यांना सांगता येण्याजोगे होते ते काही मिनिटांपुरते. रस्त्यावर काय झाले ते त्यांनी पाहिले. का झाले, ते त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. हेतू सिद्ध करायचा तर मलबार हिलवरून मागे इंदूरपर्यंत जाणे भाग होते, आणि ती वाट आतून माहीत असलेली मुख्य साक्षीदार मुमताजच होती. तिला वगळले असते तर हा खटला वाटमारीचा झाला असता. ती बोलली म्हणून तो एका संस्थानचा झाला.

आणि झालाही तसाच. आरोपी नऊ होते. त्यांत इंदूरच्या घोडेस्वार पोलिसांतला शफी अहमद होता, शामराव दिघे होता, आणि इंदूरच्या फौजेतले एक बडे सरदार आनंदराव फणसे होते. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे ज्यूरीच्या साहाय्याने खटला चालला. फणशांच्या बचावासाठी बॅरिस्टर जिना उभे होते. पोलिस कमिशनर पॅट्रिक केली यांच्यावर तपासाच्या वेळी वरून आणि बाजूने दडपण येत होते; ते फारच वाढले तर आपण राजीनामा देऊ, असे त्यांनी बजावल्याची हकीकत नमूद आहे. प्रणयकथेतल्या फौजदाराच्या जवळपास जाणारे असे या प्रकरणात काही असेल तर ते एवढेच. एका नोकरशहाने आपली नोकरी पणाला लावण्याची तयारी दाखवली. मला तर बोहल्यावर चढणाऱ्या नायकापेक्षा हा नायक अधिक पटतो.

मे १९२५ मध्ये निकाल लागला. तिघांना फाशी झाली, फणशांसह काही जणांना जन्मठेप झाली, काही सुटले. जिनांच्या अशिलाचा गळा फासातून सुटला. अपील पार विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेले आणि फेटाळले गेले. न्यायमूर्ती क्रंप यांनी एक गोष्ट बोलून दाखवली होती. या माणसांच्या पाठीमागे दुसरे कोणी असले पाहिजेत. परंतु ते कोण, हे निश्चित सांगण्याजोगे या कोर्टासमोर काही नाही.

येथे कायद्याचा एक पेच होता. इंदूर हे ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हते. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले खरे, पण राजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार मुंबईच्या न्यायाधीशाला नव्हता. राजाच्या वर्तनाची चौकशी करायची तर ती हिंदुस्थान सरकारने खास कमिशन नेमूनच करायची, असा दंडक १९२० सालीच ठरला होता. त्याप्रमाणे सरकारने महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या : कमिशनला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. महाराजांनी दुसरी वाट पत्करली. पुढे आणखी चौकशी होऊ नये, या बोलीवर फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी राज्यत्याग केला, आणि त्यांचे सतरा वर्षांचे चिरंजीव यशवंतराव गादीवर आले. तुकोजीरावांचे वडील शिवाजीराव यांनीही १९०३ मध्ये अशीच गादी सोडली होती. होळकरांच्या घरात ही लागोपाठ दुसरी पायउतार.

इतिहास लिहिणारे बहुधा येथे मोठे विरामचिन्ह देतात. एका नर्तकीने राजा पदच्युत केला, असे वाक्य लिहिण्याचा मोह कुणालाही व्हावा. मला हे वाक्य मान्य नाही. त्या काळच्या दिल्लीकडे जरा पाहावे. नाभ्याच्या महाराजांना १९२३ साली गादीवरून दूर करण्यात आले होते. तुकोजीराव पायउतार झाल्यावर महिनाभरात, मार्च १९२६ मध्ये, लॉर्ड रीडिंग यांनी निजामाला वऱ्हाडच्या बाबतीत ते प्रसिद्ध पत्र पाठवले आणि सार्वभौम सत्ता कोणाची हे खडखडीत शब्दांत सांगून टाकले. संस्थानिकांचा कान धरण्याची साहेबाला तेव्हा गरज वाटत होती. मुमताजची साक्ष त्या गरजेला उपयोगी पडली. सरकारने साक्षीदार सांभाळला यात त्याचे श्रेय आहेच. पण साक्षीदाराचे हित आणि सरकारचे हित त्या वर्षी एकाच दिशेने चालले होते, हेही विसरून चालणार नाही. ते उलट दिशांनी चालले असते, तर एका केलीच्या राजीनाम्याने किती निभावले असते, कोण जाणे!

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

महाराजांनी गादी सोडली म्हणून कमिशन बसले नाही. कमिशन बसले नाही म्हणून मुमताजला पुन्हा कुणी साक्षीला बोलावले नाही. हायकोर्टात तिने आपल्या मुलीविषयी सांगितले होते, पण त्या कोर्टापुढचा प्रश्न बावलाच्या खुनाचा होता. मुलीचा मृत्यू हा तिथे पार्श्वभूमीचा भाग ठरला. मुमताज इंदूर सोडून का आली याचे ते कारण, आणि तेवढ्यापुरतेच त्याचे महत्त्व. ज्यूरीने त्यावर मत द्यायचे नव्हते. न्यायाधीशाने त्यावर निकाल लिहायचा नव्हता. त्या दायांना पिंजऱ्यात उभे करून तिचे म्हणणे खरे की खोटे हे पारखून घेणे हे त्या खटल्याचे कामच नव्हते. कदाचित कमिशनपुढे तरी तो प्रश्न निघाला असता. राज्यत्यागाने तेही दार बंद झाले. सौद्यात राजाने गादी दिली, सरकारने चौकशी सोडली. या देण्याघेण्यात मुमताजचे मत कुणी घेतले असेल असे वाटत नाही.

आईने कोर्टात शपथेवर सांगावे की माझी मुलगी मारली, आणि ते वाक्य दुसऱ्याच्या खुनाच्या दप्तरात एक तपशील म्हणून बांधले जावे, याहून उदास करणारे मला या सबंध प्रकरणात काही दिसत नाही. तिला घडलेल्या गुन्ह्यांपैकी तिच्या स्वतःच्या लेखी सगळ्यांत मोठा जो, तो कधी चालवला गेलाच नाही.

आणि साक्षीची किंमत म्हणून तिने काय दिले होते? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने साक्षीदाराची विश्वासार्हता डळमळीत करण्यासाठी त्याच्या चारित्र्याला हात घालणारे प्रश्न उलटतपासणीत विचारता येत. पुरुष साक्षीदाराला त्याचा उपद्रव होई तो एक. गाणाऱ्या घराण्यातल्या स्त्रीला होई तो निराळाच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण रचणाऱ्याच्या मनात वादी-प्रतिवादी असावेत. पण पायरी चढून ज्याच्या पदरात काहीच पडत नाही असा खरा माणूस म्हणजे साक्षीदार. मुमताज ती पायरी चेहऱ्यावरच्या व्रणांसकट चढली.

लोकांना मात्र त्यात प्रणयकथा दिसली. राजा, रूपवती, व्यापारी असा त्रिकोण वर्तमानपत्रांना अनायासे मिळाला होता. त्याच १९२५ सालात कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुलीन कांता' हा चित्रपट या प्रकरणावर काढला. तो अर्थात मूकपट होता. जिची सारी कर्तबगारी बोलण्यात, तिच्यावर निघालेल्या चित्रपटात बोलण्याची सोयच नव्हती, हा योगायोग मला फार सूचक वाटतो. तुकोजीरावांच्या आयुष्यातली पुढची प्रणयकथाही गाजली. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. ती हिंदू होऊन शर्मिष्ठादेवी झाली. त्या लग्नावर केवढा तरी मजकूर छापला गेला. महाराज १९७८ पर्यंत जगले. मुमताज हॉलिवुडला नशीब काढायला गेली असे सांगतात. आणि तेवढ्यावर तिची हकीकत सरते. सरकारी पहारा साक्षीवर असतो, माणसावर नसतो. साक्ष दप्तरात शिरली की पहारेकऱ्याचे काम संपते.

हे सगळे जुन्या राजवटीचे, संस्थानी जमान्याचे म्हणून सोडून देता आले असते तर बरे झाले असते. पण स्वराज्य आल्यावरही साक्षीदाराच्या रक्षणाचा विचार व्हायला आपल्याला फार वेळ लागला. विधी आयोगाने या विषयावरचा आपला १९८ वा अहवाल २००६ साली दिला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत प्रत्येक राज्याने अशी योजना करावी, असे कलमच घातले आहे. बावला खटल्यापासून मोजले तर सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निर्णयाला ९३ वर्षे लागली.

ही योजना मी लक्षपूर्वक वाचली. धोक्याच्या प्रमाणाप्रमाणे साक्षीदारांचे तीन वर्ग केले आहेत : जिवाला धोका असणारे, सुरक्षितता, अब्रू वा मालमत्ता यांना धोका असणारे, आणि साधा त्रास वा धाकदपटशा सोसणारे. पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यायचा, त्यावर अधिकाऱ्यांनी संरक्षणाचा हुकूम काढायचा. घराबाहेर पहारा, कोर्टापर्यंत सोबत, बंद दालनात साक्ष, वेळ पडल्यास दुसऱ्या गावी बिऱ्हाड आणि नवे नावसुद्धा. मुमताजला यातले निम्मे मिळते तरी तिची पुढची वाट सोपी झाली असती. योजना चांगली आहे, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. मात्र हुकमाची मुदत एका वेळी तीन महिन्यांहून अधिक नाही, आणि सगळी मांडणी पुन्हा त्याच एका प्रश्नाभोवती फिरते : या माणसाची आम्हाला साक्षीसाठी गरज आहे काय? गुन्हा घडण्याआधी, केवळ एका घरातून निघून जायचे आहे म्हणून जी बाई जीव मुठीत धरून हिंडते, ती या तीन वर्गांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. ती अजून कशाचीच साक्षीदार नसते. मुमताजही १२ जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत नव्हती.

अशा बाईसाठी घरगुती हिंसेविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, पोलिस ठाणी आहेत, आश्रयगृहे आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांचा उपयोग होतो तेव्हा त्याची बातमी होत नाही. उपयोग झाला नाही म्हणजे होते, आणि मग तपास चोख चालतो, साक्षीदारांना पहारा मिळतो, लेखकांना कथा मिळते. खून झाल्यावर जागे होणारे शासन हे निद्रिस्त शासनापेक्षा बरे, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येईल.

बावलाचे नाव खटल्याला मिळाले यात काही गैर नाही. त्याने आश्रय दिला, धमक्यांना भीक घातली नाही आणि त्यापायी जीव गमावला. त्याचे नाव राहणे न्याय्यच आहे. सेगर्टची गोल्फची काठीही लोकांच्या लक्षात राहिली. पण या साऱ्या गर्दीत आणखी एक जीव होता. त्याचे वय दिवसांत मोजायचे, त्याला नाव मिळाले की नाही याचा उल्लेख नाही, आणि त्याच्या बाजूने बोलणारी साक्षीदार जगात एकच होती. तिने भर कोर्टात सांगितले. कोर्टाने ते नोंदून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला.